व्यावसायिक सायकलपटूची निवृत्ती : घोषणेची वेळ आणि रीत

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकास आपल्या सेवानिवृत्तीची तारीख सेवेत रुजू झाल्याच्या दिवशीच ठाऊक असते. नियत वयोमान शासन ठरविते, जन्मतारखेची नोंद सेवापुस्तकात असते आणि निवृत्तीवेतनाची कागदपत्रे वेळेपूर्वी तयार करण्याची रीत ठरलेली असते. व्यावसायिक खेळाडूला ही सोय नाही. त्याची कारकीर्द बहुधा तिशी-पस्तिशीतच संपते. परंतु ती कोणत्या दिवशी संपावी हे कोणताही नियम सांगत नाही. तो निर्णय त्याने स्वतः घ्यावयाचा असतो आणि स्वतःच जाहीर करावयाचा असतो. निर्णय लवकर घेतला तर हातातील यश सोडल्याची खंत राहते, उशिरा घेतला तर संघातून वगळले जाण्याची नामुष्की पत्करावी लागते. म्हणून क्रीडाक्षेत्रात निवृत्तीची घोषणा हा केवळ भावनेचा विषय नसून तो नियोजनाचा, कराराचा आणि उपजीविकेचाही विषय आहे.

व्यावसायिक सायकलपटूने निवृत्तीची घोषणा केव्हा आणि कशी करावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सायकलिंगची निवड करण्याचे कारण असे की, हा खेळ दिसावयास वैयक्तिक असला तरी तो सांघिक रीतीने चालतो आणि एका खेळाडूच्या निर्णयाचे परिणाम अनेकांना भोगावे लागतात. युरोपातील सायकलपटूंची उदाहरणे प्रथम पाहून त्यानंतर महाराष्ट्रातील क्रिकेट व कुस्ती या क्षेत्रांतील अनुभव तपासला आहे. शेवटी भारतीय सायकलपटू आणि महाविद्यालयीन खेळाडू यांच्या संदर्भात या विवेचनाचा अर्थ काय, हे पाहिले आहे. निवृत्तीची घोषणा म्हणजे निरोपाचे भाषण नव्हे. ज्यांचे नियोजन त्या खेळाडूवर अवलंबून आहे त्यांना दिलेली ती पूर्वसूचना होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. निर्णय, सूचना आणि घोषणा

सामान्य बोलण्यात 'निवृत्ती' या एकाच शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. पहिली गोष्ट निर्णयाची. तो खेळाडूच्या मनात आणि त्याच्या घरात होतो. दुसरी गोष्ट सूचनेची. प्रशिक्षक, संघव्यवस्थापक, पुरस्कर्ते, क्रीडासंघटना अशा ज्यांच्याशी खेळाडूचे करारातून किंवा जबाबदारीतून नाते आहे, त्यांना ती द्यावयाची असते. तिसरी गोष्ट घोषणेची. ती प्रेक्षक व वृत्तपत्रे यांच्यासाठी असते.

या तीन गोष्टींचा क्रम बिघडला की गोंधळ होतो. निर्णय पक्का होण्यापूर्वी घोषणा केली तर ती मागे घ्यावी लागते. सूचना देण्यापूर्वी घोषणा केली तर सहकाऱ्यांना आपल्याच संघाची बातमी वृत्तपत्रातून समजते. निर्णय होऊनही घोषणा केली नाही तर खेळाडू खेळत आहे की थांबला आहे, हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही, आणि त्याच्या जागी येऊ पाहणारा तरुण खेळाडू ताटकळत राहतो. पुढील सर्व उदाहरणे या क्रमाच्या कसोटीवर पाहता येतात.

२. सायकलिंगच्या व्यवसायाची रचना

टूर डी फ्रान्स ही तीन आठवड्यांची शर्यत २१ टप्प्यांत पूर्ण होते आणि तिचे एकूण अंतर साधारणतः ३,४०० किलोमीटरच्या आसपास असते. २०१८ पासून प्रत्येक संघात आठ सायकलपटू असतात. त्यांतील एखादाच नायक असतो. बाकीचे त्याच्यासाठी राबतात. ते त्याच्यापुढे राहून वारा अडवितात, मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याच्या सायकलीत बिघाड झाल्यास स्वतःची सायकल त्याला देतात. विजेत्याच्या अंगावर चढणाऱ्या पिवळ्या जर्सीत या सर्वांच्या श्रमाचा वाटा असतो. साहजिकच नायक निवृत्त झाला की त्याच्यासाठी निवडलेल्या सहायकांच्या करारांचाही प्रश्न निर्माण होतो.

दुसरी बाब पैशाची. रस्त्यावरील शर्यतीला तिकीट नसते. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला उभे राहून फुकट पाहतात. त्यामुळे संघाचा खर्च मुख्यतः पुरस्कर्त्या कंपन्यांच्या पैशावर चालतो आणि संघाला नावही त्यांचेच असते. पुरस्कर्ता अनेकदा एका मोठ्या नावाकडे पाहून येतो आणि ते नाव गेले की तोही जातो.

तिसरी बाब वेळापत्रकाची. व्यावसायिक सायकलपटूचे करार बहुधा ३१ डिसेंबरला संपतात आणि पुढील हंगामासाठी खेळाडूंना संघ बदलण्याचा काळ १ ऑगस्टपासून सुरू होतो. म्हणजे जो सायकलपटू उन्हाळ्याच्या सुरुवातीस आपला निर्णय संघाला कळवितो, तो व्यवस्थापकाला पर्याय शोधण्यास पुरेसा अवधी देतो. जो डिसेंबरअखेरीस कळवितो, तो संघाला रिकाम्या जागेसह सोडून जातो.

या रचनेमुळे एका व्यक्तीच्या निवृत्तीचा भार किती जणांवर पडतो, याचे बोलके उदाहरण बेल्जियमचे एडी मर्क्स यांचे आहे. पाच वेळा टूर डी फ्रान्स जिंकणारे मर्क्स १९७७ च्या टूरमध्ये सहाव्या क्रमांकावर आले. त्यांची शक्ती ओसरू लागल्याचे दिसत होते. तरीही १९७८ च्या प्रारंभी त्यांच्या नावावर 'सी अँड ए' या कंपनीच्या पाठबळाने नवा संघ उभा राहिला. मर्क्स यांनी त्या वसंतात मोजक्याच शर्यतींत भाग घेतला आणि १८ मे १९७८ रोजी निवृत्ती जाहीर केली. मर्क्स यांच्या थोरवीला त्यामुळे बाध येत नाही. परंतु त्यांच्यासाठी उभा राहिलेला संघ मात्र हंगामाच्या मध्यावर नायकाविना राहिला.

३. घोषणा केव्हा करावी

सायकलपटूंच्या घोषणांचे वेळेच्या दृष्टीने स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार दीर्घ पूर्वसूचनेचा. फ्रान्सचे बर्नार्ड इनो यांनी वयाच्या ३२ व्या वाढदिवशी आपण थांबणार, असे कित्येक वर्षे आधीच सांगून ठेवले होते. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९५४ चा. १९८६ च्या टूरमध्ये ते दुसरे आले, त्यांनी तीन टप्पे जिंकले आणि डोंगरी चढणींचा किताबही मिळविला. अशा स्थितीत आणखी एक वर्ष खेळण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण नोव्हेंबर १९८६ मध्ये ते ठरल्याप्रमाणे थांबले. तारीख आधी ठरलेली असल्याने 'का थांबला' हा प्रश्न उरला नाही. नेदरलँड्सच्या ॲना व्हॅन डर ब्रेगेन यांनी मे २०२० मध्ये जाहीर केले की, २०२१ च्या अखेरीस आपण शर्यती थांबवू आणि त्यानंतर त्याच संघात मार्गदर्शकाची जबाबदारी घेऊ. या घोषणेनंतर, सप्टेंबर २०२० मध्ये इमोला येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी रस्ता शर्यत व वेळ शर्यत या दोन्हींची विजेतीपदे पटकाविली. घोषणा केली की खेळातील धार बोथट होते, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो. पुढील काम ठरलेले असेल तर मन उलट अधिक मोकळे राहू शकते. पुढे २०२५ च्या हंगामात त्या पुन्हा शर्यतीत उतरल्या. परंतु मधल्या काळात त्या बेकार अथवा बेवारस नव्हत्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

दुसरा प्रकार अखेरच्या हंगामाच्या घोषणेचा. स्वित्झर्लंडचे फाबियान कॅन्सेलारा यांनी २०१६ हा आपला अखेरचा हंगाम असल्याचे आधीच सांगितले आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला रिओ येथे ऑलिंपिक वेळ शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. इटलीचे विन्चेन्झो निबाली यांनी ११ मे २०२२ रोजी गिरो डी इटालियाचा टप्पा त्यांच्या मेसिना या जन्मगावी संपला, तेव्हा तेथेच निवृत्तीचा मनोदय सांगितला आणि ८ ऑक्टोबरला इल लोम्बार्दिया या शर्यतीने कारकिर्दीचा समारोप केला. वेल्सचे गेरेंट थॉमस यांनी २०२५ च्या आरंभी घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये टूर ऑफ ब्रिटनचा शेवटचा टप्पा त्यांच्या कार्डिफ या गावी पूर्ण केला. या प्रकारात प्रेक्षकांना निरोप देण्याची संधी मिळते, संयोजकांना तयारी करता येते आणि संघालाही अवधी मिळतो. सर्वसाधारण सायकलपटूसाठी हाच प्रकार सर्वांत व्यवहार्य म्हणावा लागेल.

तिसरा प्रकार तात्काळ निवृत्तीचा. २०१७ ची गिरो जिंकणारे नेदरलँड्सचे टॉम डुमुलिन यांनी जून २०२२ मध्ये हंगामाच्या अखेरीस थांबण्याचे जाहीर केले. परंतु शरीर व मन साथ देईना, तेव्हा ऑगस्टमध्येच त्यांनी पूर्णविराम दिला. त्यापूर्वी २०२१ च्या आरंभी त्यांनी काही महिने विनावेतन विश्रांतीही घेतली होती. दुखापत, आजार किंवा मानसिक थकवा असेल तेव्हा ठरलेल्या तारखेपर्यंत ओढत राहणे हे कर्तव्य नव्हे. शब्द पाळण्यापेक्षा आरोग्य सांभाळणे श्रेयस्कर, आणि तसे स्पष्ट सांगणे हाही प्रामाणिकपणाच आहे.

चौथा प्रकार करार संपल्यानंतरच्या घोषणेचा. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे टूर जिंकणारे स्पेनचे मिगेल इंदुराइन १९९६ मध्ये टूरमध्ये अकरावे आले. त्याच वर्षी त्यांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये वेळ शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले, आणि नंतर स्पेनची व्हुएल्टा ही शर्यत मध्येच सोडली. २ जानेवारी १९९७ रोजी पाम्प्लोना येथे त्यांनी निवृत्तीचे निवेदन केले. त्या वेळी नवीन हंगामाचे वर्ष सुरू झालेले होते. निर्णय शांतपणे घेतला गेला. परंतु त्यापूर्वीचे काही महिने तर्कवितर्कांत गेले.

या चार प्रकारांखेरीज घोषणा मागे घेण्याचाही प्रसंग येतो. ब्रिटनचे मार्क कॅव्हेंडिश यांनी मे २०२३ मध्ये, गिरोच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्षअखेरीस थांबण्याचे जाहीर केले आणि त्याच स्पर्धेचा रोम येथील अखेरचा टप्पा जिंकला. जुलैमध्ये टूरच्या आठव्या टप्प्यात पडून त्यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले. टूरमधील ३४ टप्प्यांच्या विजयांसह ते मर्क्स यांच्या बरोबरीत होते आणि विक्रम अपुरा राहिला होता. त्यांनी निवृत्ती एक वर्ष पुढे ढकलली, ३ जुलै २०२४ रोजी ३५ वा टप्पा जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिंगापूर येथे शेवटची शर्यत धावली. येथे शब्द फिरविण्याचे कारण उघड होते आणि संघाचीही त्याला संमती होती. म्हणून कोणी त्यांना दोष दिला नाही. शब्द फिरविणे अपवादात्मक असावे आणि त्याचे कारण सांगता येण्याजोगे असावे, इतका बोध यातून घेता येतो.

४. घोषणा कशी करावी

घोषणेच्या रीतीसंबंधी पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली बाब क्रमाची. कुटुंब, प्रशिक्षक, संघव्यवस्थापन, सहकारी, संघटना आणि त्यानंतर जनता, असा क्रम असावा. वर्षानुवर्षे ज्याने पाण्याच्या बाटल्या वाहिल्या त्या सहकाऱ्याला ही वार्ता परक्याकडून कळणे हे केवळ अशिष्ट नव्हे, तर अन्याय्य आहे; कारण त्याच्याही पुढील वर्षाच्या कराराचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

दुसरी बाब स्पष्टतेची. कोणत्या प्रकारातून निवृत्ती, कोणत्या तारखेपासून आणि शेवटची शर्यत कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे निवेदनात असावीत. सायकलिंगमध्ये रस्ता, वेलोड्रोम, डोंगरी सायकल असे अनेक प्रकार आहेत. एकातून थांबणारा दुसऱ्यात सुरू राहू शकतो. 'आता बहुतेक थांबेन' अशा संदिग्ध वाक्याने ना संघाचे नियोजन होते, ना खेळाडूचे.

तिसरी बाब लेखी सूचनेची. उत्तेजकविरोधी नियमांनुसार नोंदणीकृत चाचणी गटातील खेळाडूला स्पर्धा नसतानाही आपला ठावठिकाणा कळवावा लागतो आणि केव्हाही चाचणीस तयार राहावे लागते. पत्रकार परिषदेत निवृत्ती जाहीर केली म्हणजे हे बंधन आपोआप सुटत नाही. संबंधित संघटनेला रीतसर कळवावे लागते. निवृत्त खेळाडूला पुन्हा खेळावयाचे असेल तर सहा महिन्यांची लेखी पूर्वसूचना देऊन चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते. २००५ मध्ये निवृत्त झालेले लान्स आर्मस्ट्राँग २००९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील शर्यतीत परतले, तेव्हा सहा महिने पूर्ण होण्यास थोडे दिवस बाकी असतानाही त्यांना परवानगी देण्यात आली आणि त्यावर टीका झाली. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक सेवनाबद्दल त्यांची टूरची सातही विजेतीपदे काढून घेण्यात आली. निवृत्ती हा पळवाटेचा दरवाजा होऊ नये, हा या नियमामागील हेतू त्यावरून ध्यानात येतो.

चौथी बाब आभाराची. आभार नावानिशी मानावेत. मालिश करणारा, सायकल दुरुस्त करणारा, गावातील पहिला प्रशिक्षक यांची नावे एरवी कोठेच छापली जात नाहीत. निवृत्तीचे निवेदन हीच बहुधा त्यांची एकमेव सार्वजनिक नोंद असते.

५. महाराष्ट्रातील क्रिकेटचा अनुभव

सायकलिंगमधील हे निकष महाराष्ट्रातील अनुभवाशी ताडून पाहावयाचे तर प्रथम क्रिकेटकडे वळावे लागते. कारण निवृत्तीची सार्वजनिक घोषणा येथे सर्वाधिक रुजली ती याच खेळात. लोक 'का थांबलास' असे विचारतात तेव्हा थांबावे, 'का थांबत नाहीस' असे विचारू लागेपर्यंत वाट पाहू नये, अशा आशयाचे वचन विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाते. मर्चंट यांची स्वतःची अखेर या वचनाला साजेशी होती. १९५१ मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध वयाच्या ४० व्या वर्षी त्यांनी १५४ धावा केल्या. खांद्याच्या दुखापतीमुळे तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. सुनील गावसकर यांनी मार्च १९८७ मध्ये बंगळूर येथे पाकिस्तानविरुद्ध आपल्या अखेरच्या कसोटीत अवघड खेळपट्टीवर ९६ धावा काढल्या. भारत तो सामना १६ धावांनी हरला. पण गावसकर थांबले ते खेळ उंचीवर असताना.

याउलट उदाहरण अजित वाडेकर यांचे. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणाऱ्या या कर्णधाराच्या संघाने १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोटी सामने गमावले. त्या दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. तीन वर्षांच्या अंतराने जयघोष आणि अवहेलना हे दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. वेळ खेळाडूने निवडली नाही तर ती परिस्थिती निवडते, हे यातून दिसते.

सचिन तेंडुलकर यांच्या बाबतीत एकाच खेळाडूने तीन वेगवेगळ्या रीतींनी निवृत्ती घेतल्याचे आढळते. एकदिवसीय सामन्यांतून ते २३ डिसेंबर २०१२ रोजी एका निवेदनाद्वारे बाहेर पडले. त्यांचा अखेरचा एकदिवसीय सामना त्यापूर्वी नऊ महिने, मार्च २०१२ मध्ये ढाका येथे झाला होता, आणि तो अखेरचा असल्याचे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते. आयपीएलमधून त्यांनी मे २०१३ मध्ये मुंबईच्या विजयानंतर निवृत्ती घेतली. कसोटीबाबत मात्र १० ऑक्टोबर २०१३ रोजी आगाऊ घोषणा झाली आणि १४ ते १६ नोव्हेंबरला वानखेडे मैदानावर २०० वा कसोटी सामना झाला. या पाच आठवड्यांत बरेच काही साधले. लाहली येथे हरियाणाविरुद्ध त्यांनी मुंबईसाठी अखेरचा रणजी सामना नाबाद ७९ धावा करून जिंकून दिला. त्यांच्या मातोश्रींनी प्रथमच मैदानात बसून मुलाचा खेळ पाहिला. आणि निवड समितीला चौथ्या क्रमांकाचा विचार करण्यास अवधी मिळाला. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्ग कसोटीत त्या क्रमांकावर उतरलेल्या विराट कोहली यांनी ११९ आणि ९६ धावा केल्या. आगाऊ घोषणेचा खरा लाभ निरोपाच्या सोहळ्यापेक्षा या सुरळीत वारसाहक्कात दिसतो.

मराठी कुटुंबात जन्मलेले आणि कर्नाटकात वाढलेले राहुल द्रविड यांची रीत आणखी निराळी. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतर, ९ मार्च २०१२ रोजी बंगळूर येथे त्यांनी पत्रकार परिषद घेऊन थांबत असल्याचे सांगितले. निरोपाचा सामना त्यांनी मागितला नाही. पुढील कसोटी मालिकेस अवधी असल्याने संघाची अडचण झाली नाही. सोहळा न करताही कर्तव्य पूर्ण होते, हे येथे स्पष्ट होते. सोहळा ऐच्छिक आहे. सूचना ऐच्छिक नाही.

६. कुस्ती : घोषणेविना निवृत्ती

ज्या खेळात करार नाहीत आणि वृत्तपत्रांचे लक्ष नाही, तेथे काय होते हे पाहण्यासाठी कुस्तीचे उदाहरण घेता येते. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्रातील प्रत्येक महाविद्यालयाने ध्यानात ठेवावी अशी आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९८४ मध्ये अपघाती मृत्यू होईपर्यंत त्यांच्या कामगिरीची दखल शासनदरबारी पुरेशी घेतली गेली नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. त्यांच्या खेळाचा आरंभ एका प्राचार्याने घर गहाण टाकून साजरा केला. अखेरीची मात्र कोठे नोंद झाली नाही.

मराठवाड्यातील एक उदाहरण वेगळी दिशा दाखविते. देगलूरच्या पश्चिमेस असलेल्या लातूर जिल्ह्यात, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ मध्ये 'महाराष्ट्र केसरी' हा किताब आणि १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. आखाड्यातील कुस्त्या थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मार्गदर्शक झाले आणि २०११ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची ओळख 'वस्ताद' अशीच राहिली. लातूर जिल्ह्यातीलच काका पवार हे त्यांच्या तालमीत घडले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांना या दोघांचेही मार्गदर्शन लाभले, आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. तालमीच्या परंपरेत मल्लाचा वस्ताद होणे हीच निवृत्तीची घोषणा असते. पत्रकार परिषद नसली तरी समाजाला कळते की, हा आता लढणार नाही, लढवय्ये घडविणार आहे. व्हॅन डर ब्रेगेन यांनी संघाच्या मार्गदर्शकपदाची घोषणा करून जे साधले, ते तालमीने फार पूर्वीपासून साधले आहे. मात्र प्रत्येक मल्लाला वस्ताद होता येत नाही, ही या परंपरेची मर्यादा आहे.

७. भारतीय सायकलपटूची स्थिती

युरोपीय अर्थाने संघाच्या वेतनावर जगणारा सायकलपटू भारतात विरळाच. महाराष्ट्रात सायकलिंगची आवड जुनी आहे. मुंबई-पुणे शर्यत आणि तीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्यास मिळणारा 'घाटाचा राजा' हा मान जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडी येथे वेलोड्रोम उभारले गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तथापि येथील सायकलपटूची उपजीविका प्रामुख्याने रेल्वे, सेनादल, पोलीस यांसारख्या खात्यांतील नोकरीवर चालते. त्यामुळे त्याच्या बाबतीत खेळ थांबतो तेव्हा नोकरी चालू राहते, किंवा नोकरी नसेल तर दोन्ही एकदम थांबतात. पहिल्या स्थितीत घोषणेची गरज वाटत नाही. दुसऱ्या स्थितीत घोषणा ऐकण्यास कोणी नसते.

असे असले तरी निवृत्तीची औपचारिक नोंद येथेही निरर्थक नाही. गुणवंत खेळाडूंसाठी केंद्र शासनाची निवृत्तीवेतन योजना १९९४ पासून आहे. ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल व जागतिक स्पर्धांतील पदकविजेत्यांना तिचा लाभ मिळतो. त्यासाठी वयाची ३० वर्षे पूर्ण झालेली असणे आणि सक्रिय खेळातून निवृत्त झालेले असणे आवश्यक धरले आहे. २०१८ मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्यांसाठी ही रक्कम दरमहा २०,००० रुपये करण्यात आली. म्हणजे भारतीय पदकविजेत्याच्या दृष्टीने निवृत्ती हा भावनिक क्षण असण्याबरोबरच एका हक्काची पूर्वअटही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षण देऊन रोजगारक्षम करण्यासाठी 'रिसेट' हा कार्यक्रम सुरू केला. त्याची मुख्य जबाबदारी ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेकडे सोपविण्यात आली. अशा योजनांचा लाभ घ्यावयाचा तर 'मी अमुक तारखेस थांबलो' असे खेळाडूला सांगता आले पाहिजे.

८. महाविद्यालयीन खेळाडू आणि अदृश्य निवृत्ती

वरील विवेचन नामांकित खेळाडूंपुरते मर्यादित आहे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात निवृत्तीचा प्रश्न सर्वांत मोठ्या संख्येने महाविद्यालयांतच उद्भवतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची कमाल मर्यादा साधारणतः २५ वर्षे आहे. पदवी पूर्ण झाली किंवा ही मर्यादा ओलांडली की विद्यापीठाच्या संघातून खेळणारा विद्यार्थी, मग तो सायकलपटू असो, मल्ल असो वा खो-खोपटू, निवृत्त होतो. ज्याला पुढे राज्य संघटना, रेल्वे अथवा सेनादल मिळते तो खेळत राहतो. बाकीच्यांचा अखेरचा सामना हा कारकिर्दीचा अखेरचा सामना असतो. ही तारीख प्राध्यापकाच्या नियत वयोमानाइतकीच आधी ठाऊक असते. तरीही तिची तयारी कोणी करीत नाही.

तयारी न केल्याचा परिणाम ठोस असतो. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धेचे नाव, दर्जा, वर्ष, मिळविलेले स्थान यांची अचूक नोंद नसेल तर मैदानावर गाळलेला घाम कागदावर सिद्ध होत नाही. खेळ सोडून काही वर्षे लोटल्यावर जुनी प्रमाणपत्रे, संघनिवडीची पत्रे आणि प्रवेशिका शोधणे हे ग्रामीण भागातील विद्यार्थ्यास अतिशय कठीण जाते. देगलूरसारख्या तेलंगण व कर्नाटकाच्या सीमेवरील तालुक्यात, जेथील विद्यार्थ्याला विभागीय कार्यालयापर्यंतचा प्रवासही खर्चिक पडतो, तेथे ही अडचण अधिक तीव्र होते.

महाविद्यालयाने यासाठी तीन साध्या गोष्टी कराव्यात. अंतिम वर्षाच्या आरंभी शारीरिक शिक्षण संचालकांनी प्रत्येक खेळाडूशी 'यानंतर काय' या विषयावर बोलावे. वर्षअखेरीस त्याच्या सर्व स्पर्धांची प्रमाणित नोंद एका पत्रकात त्याच्या हाती द्यावी आणि तिची प्रत महाविद्यालयात ठेवावी. स्नेहसंमेलनात नव्या विजेत्यांच्या सत्काराबरोबर निरोप घेणाऱ्या खेळाडूंची नावेही वाचून दाखवावीत. यास फारसा खर्च येत नाही. पण खेळाडूला आपली कारकीर्द संपल्याचे भान येते, ती कारकीर्द झाली होती याचा पुरावा मिळतो, आणि कनिष्ठ खेळाडूंना आपली जागा रिकामी झाल्याचे कळते. निर्णय, सूचना आणि घोषणा हा क्रम येथेही तसाच लागू पडतो.

निष्कर्ष

१. निवृत्तीच्या निर्णयाचा अधिकार खेळाडूचा असला तरी तिच्या सूचनेवर सहकारी, संघ व संघटना यांचा हक्क असतो.

२. व्यावसायिक सायकलपटूने अखेरच्या हंगामाच्या आरंभी, किंवा निदान १ ऑगस्टपूर्वी, संघाला निर्णय कळविणे सर्वांच्या हिताचे आहे. आजार किंवा मानसिक थकवा असेल तर मात्र तात्काळ थांबणेच योग्य.

३. घोषणा स्पष्ट, तारीखवार आणि लेखी सूचनेसह असावी. निरोपाचा सोहळा ऐच्छिक आहे.

४. पुढील काम ठरवून केलेली घोषणा खेळाडूचे बळ कमी करीत नाही. तालमीतील मल्लाचा वस्ताद होणे हे याचे देशी रूप आहे.

५. भारतात निवृत्तीची नोंद ही निवृत्तीवेतन, प्रशिक्षण व रोजगार यांच्याशी जोडलेली आहे. म्हणून घोषणेची सवय क्रिकेटबाहेरील खेळांतही रुजली पाहिजे.

६. महाविद्यालयीन खेळाडूच्या निवृत्तीची तारीख आधीच ज्ञात असते. तिची तयारी करणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. खर्डेकरांनी एका विद्यार्थ्याच्या खेळाच्या आरंभासाठी घर गहाण ठेवले. आजच्या महाविद्यालयांकडून त्याच्या खेळाच्या अखेरीसाठी एका प्रमाणित पत्रकाची आणि चार आपुलकीच्या शब्दांची अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.